वझेकाकांचं नाक

वझेकाका दुकानात सफरचंद नाकाशी धरतात, डोळे मिटतात आणि खणखणीत मराठीत जाहीर करतात, "मेलंय." मग दुसरं उचलतात. आमच्या सुपरमार्केटचा मॅनेजर आता लांबूनच विचारतो, "मेलंय, मिस्टर वझे?"

काका माझे शेजारी. न्यूयॉर्कजवळच्या पार्सिपनीत तीस वर्षं डेटाबेस सांभाळून रिटायर झाले आणि काकू गेल्यावर तासाभरावरच्या या खेड्यात एकटेच राहायला आले. मी घर घेतलं तेव्हा अभिनंदन म्हणून म्हणाले, "तुझ्या डबल गॅरेजखाली चाळीस झाडं होती, लक्षात ठेव."

एके काळी अख्खं गाव सफरचंदावर जगायचं. पिंपंच्या पिंपं रेल्वेने न्यूयॉर्कला जायची. मग दुकानांना एकजात लाल, चकचकीत, महिनोन्महिने टिकणारं फळ हवं झालं. बागा तुटल्या, आमची घरं उठली. गावचं जुनं, खरखरीत सालीचं सफरचंद हँक नावाच्या म्हाताऱ्या बागायतदाराकडे उरलं, तेही एकच झाड. ते हिवाळ्यातल्या वादळात पडलं. काकांनी त्याच्या सात काड्या कापून आणल्या आणि वसंतात कलम करायचं म्हणून ओल्या पेपरात गुंडाळून गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

हे मला ठाऊक नव्हतं. माझी बहुतेक प्रकरणं याच वाक्याने सुरू होतात.

एप्रिलमध्ये माझी वास्तुशांत. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात. ऐन होमाच्या वेळी म्हणाले, "समिधा?" मी विसरलो होतो. "फळझाडाच्या काड्या चालतील यार, पण लवकर!" आमचं श्रीखंड काकांच्या फ्रीजमध्ये ठेवलेलं. ते आणायला गेलो, तर शेजारी पेपरात सात सुबक काड्या! काकांचं केवढं लक्ष, म्हणून मला भरून आलं.

सहा काड्या स्वाहा झाल्या. त्या ओल्या काड्यांनी एवढा धूर केला की स्मोक अलार्म बोंबलला आणि सातवी गुरुजींच्या हातातच राहिली. तेवढ्यात दारात काका. नाक वर.

"सफरचंद कोण जाळतंय?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गुरुजींच्या हातातली काडी घेतली, नखाने जरा खरवडली, नाकाशी धरली. "जिवंत आहे."

माझ्याच परसातल्या रानटी सफरचंदावर त्यांनी कलम बांधलं. मला शिक्षा एकच, हरणं हाकलायची. तीन वर्षं मी ऑफिसचे कॉल म्यूट करून हरणांवर ओरडलो. एकदा म्यूट करायचं राहिलं आणि अख्ख्या टीमने "हट मेल्या!" ऐकलं. नेमका तेव्हा मॅनेजर बोलत होता.

यंदा पाच फळं लागली. गावच्या फेअरमध्ये हँकने एक चावलं, बराच वेळ चघळलं आणि टेबलावर मूठ आपटली. "दॅट्स हर! बाय गॉड, दॅट्स हर!" लोक धावले. तीन फळांच्या कागदासारख्या पातळ फोडी झाल्या. दोन बागायतदारांनी पुढच्या वसंतासाठी काड्या मागितल्या. हँकने काकांना ट्रॅक्टरवर बसवून मैदानभर मिरवलं. नवरदेवासारखे लाजत होते. मागून मीही हात हलवत पळत होतो, जणू मी काही जाळलंच नव्हतं.

परतताना पार्किंगमध्ये काकांच्या खिशातून पाचवं फळ निघालं. सोबत तिखटमिठाची पुडी.

"नवीन आलो होतो अमेरिकेत. हिला दिवस गेलेले, पोटात काही ठरत नव्हतं. तासभर गाडी हाणून इथे यायचो, हँकच्या स्टॉलवरचं हे तेवढं ठरायचं. तिखटमीठ लावून."

गाडीच्या बॉनेटवर त्यांनी दोन फोडी केल्या. एकीला तिखटमीठ लावून माझ्यापुढे धरली. "ही तिची. खा. आणि आधी वास घे, गाढवा."

घेतला. तिखट नाकात गेलं, डोळ्यांत पाणी आलं. काकाही डोळे पुसत होते.

"तिखट जरा जास्तच झालं," ते म्हणाले.

त्यांच्या फोडीला तिखट लावलेलंच नव्हतं.