कोरड्या साडीचा नवस

भविष्य बघायचा मला पगार मिळतो, आणि ते मी उत्तम बघतो! म्हैसूरजवळ हूटगळ्ळीच्या आमच्या कंपनीत कापडावर मारायचा नॅनो फवारा बनतो. कण इतके बारीक की दिसत नाहीत, पण पाणी कापडाला शिवत नाही. तो बाजारात जाण्याआधी त्यातलं बरंवाईट ताडायचं माझं काम. त्यासाठी मी २०४० सालची चार भविष्यं रंगवली होती: फवारा स्वस्त झाला तर, महाग राहिला तर, नदीत उतरला तर, अंगात शिरला तर. कोणाचं भलं, कोणाचं वाटोळं, सगळं तयार. सोमवारी साहेबांपुढे मांडायचं होतं.

फक्त एक घरगुती उदाहरण कमी पडत होतं. म्हणून सासूबाईंच्या नव्या सुती साडीवर मी गुपचूप फवारा मारला. त्याच संध्याकाळी 'वापरणाऱ्याची संमती' या विषयावर दोन पानं खरडली.

रविवारी सासूबाई, म्हणजे भागीरथीबाई, तीच साडी नेसून आम्हा सगळ्यांना कावेरीकाठी तलकाडला घेऊन गेल्या. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलं, तर ओलेत्यानं तिथल्या वैद्येश्वराला प्रदक्षिणा घालीन, असा त्यांचा नवस होता. हे मला घाटावर कळलं!

कावेरीत बुडी मारून त्या वर आल्या. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी घरंगळलं आणि साडी ठणठणीत कोरडी. पुन्हा बुडी, पुन्हा कोरडी. मी घाबरलो होतो, पण खरं सांगतो, ते थेंब बघतच राहावंसं वाटत होतं. बघ्यांची गर्दी झाली. दोघीतिघींनी तर देवीच समजून सासूबाईंचे पाय धरले.

"अय्यो, ही ओद्दे होईचना, भिजतच नाही," सासूबाई रडवेल्या झाल्या.

"आतून भिजलीस की नाही, अल्वा, हो ना? चालतं तेवढं," सासरे मानाजीराव म्हणाले.

"देवाला फसवू? तुमच्या जिवाचा नवस आहे हा."

मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं, चार भविष्यांसकट. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या चारांत मी कुठं होते, जावईबापू?"

"कुठंच नाही."

"मग पाचवं काढा. सुम्ने, उगीचच फवारा मारत सुटू नका, आधी विचारा."

माझ्या बायकोने, यशस्विनीने, आपली साडी त्यांना दिली, त्यांची स्वतः नेसली आणि नवस ओलाचिंब पार पडला.

सोमवारी मी पाचवं भविष्य मांडलं: आधी विचारा. साहेब फिदा! "वा! याचीच जाहिरात करू. त्या बाईंचा फोटो आहे?"

होता. घाटावर मीच काढलेला. लगेच पाठवला.

आज सकाळी बसथांब्यासमोर सासूबाईंचा दोन मजली फलक लागला. त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं.