दळण कुठं टाकता?

वास्तुशांतीला गेलं की लोक फरशी बघतात, किचनचा ओटा बघतात. आमचे शेजारी दिगंबरअण्णा पाण्याचा घोट घेतात आणि घरच्या बाईला विचारतात, "दळण कुठं टाकता?"

"गाडीवर जावं लागतं, अण्णा. लांब आहे."

अण्णा डोळे मिटतात. जणू त्या घरात कुणी गेलंय. "घर लई झकास. पण ही वस्ती नाय. नुसती झोपायची जागा!"

अण्णा नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढायचे. निवृत्तीनंतरही हात थांबेनात. उस्मानपुऱ्यात आमच्या सोसायटीची एक मोकळी जागा होती. तिथं रोज सकाळी ते चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखत. "इथं गिरणी. बाजूला न्हावी. वर दवाखाना, वाचनालय. त्याच्यावर भाड्याची घरं. म्हातारं माणूस चप्पल घालून निघालं की दहा मिनिटांत सगळं उरकून परत!"

एकदा घाईत मी त्यावरून स्कूटर नेली.

"ओ ताई," अण्णा ओरडले, "न्हाव्याच्या दुकानातून गाडी घातली तुम्ही!"

पुढं त्या जागेसाठी सोसायटीची सभा भरली. अध्यक्षांना तिथं भिंत घालून पार्किंग हवं होतं. "दुकानं आली की गर्दी येणार," ते म्हणाले.

"गर्दी नाय, माणसं येणार," अण्णा म्हणाले.

कुलकर्णीकाकू उठल्या. "गिरणीचा आवाज कोण सोसणार?"

"तुमच्या चिरंजीवांच्या वरातीतला डीजे आम्ही सोसलाच की, काकू."

सभा हसली, काकू सगळ्यांत जास्त. पण अध्यक्ष हटेनात. तेव्हा मागच्या खुर्चीवरून त्यांच्याच आई बोलल्या, "सहा महिने झाले, मला जिना उतरायला कारणच नाही मिळालं. होऊ दे ना रे गिरणी."

हात वर झाले. अध्यक्षांचाही, जरा उशिरानं.

कागदपत्रांत आणि बांधकामात दोन वर्षं गेली. अण्णा रोज हजर. गवंड्यांना चहा पाजून त्यांनी गिरणीसमोर एक गोल ओटा बांधून घेतला. "सरळ बाकावर माणसं रस्ता बघतात. गोल बसली की बोलतात."

गिरणी सुरू झाली त्या दिवशी ओटा बायकांनी भरला होता. दळण झालं तरी कुणी उठेना. अण्णा मात्र लांब, कडेला उभे. मी विचारलं, "अण्णा, आज गप्प?"

"आमचं पहिलं घर गावाबाहेर, फुलंब्रीच्या रस्त्याला होतं," ते म्हणाले. "त्या प्लॉटिंगचा नकाशा मीच काढलेला, ताई. नुसती घरं आखली. एक दुकान नाय, टेकायला एक कट्टा नाय. मंदा दिवसभर एकटी. संध्याकाळी मी आलो की तिला किती बोलायचं असायचं. अन् मी म्हणायचो, दमलोय."

अण्णांच्या बायकोला, मंदाकाकूंना, जाऊन बरीच वर्षं झाली.

तेवढ्यात ओट्यावरून अध्यक्षांच्या आईंनी हाक मारली. "अण्णा, इकडं या. तुमच्या मंदाचं लिंबाचं लोणचं वर्षभर टिकायचं म्हणे. काय करायची ती?"

बायका सरकल्या, जागा झाली. अण्णा जाऊन बसले, घसा खाकरला.

"व्हय, टिकायचं. लिंबं आधी कोरडी पुसून घ्यायची ती, एकेक," ते सांगू लागले, आणि मग बराच वेळ थांबलेच नाहीत.