कारल्यावरच्या तिरप्या निशाणाची हकीकत

श्री. जे बीज रुजते त्यास नमस्कार, जे रुजत नाही त्यासही नमस्कार, आणि जे रुजोन भलतेच काही निघते त्यास कोपरापासोन दंडवत घालोन वर्तमान लिहिले ऐसीजे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण मास. चार मजली इमारतीचे माथ्यावर एक राज्य होते. पूर्वेस पाण्याची टाकी व नळ, पश्चिमेस जिन्याचे दार, दक्षिणोत्तर कठडा, ऐसी हद्द. तेथे कालिंदीबाईसाहेब राज्य करीत होत्या. वय बासष्ट, गुडघे कुरकुरते, परंतु बियांची पुडी हाती आली की बाई तीन तीन पायऱ्या एकदम चढोन जात. पदरी कुंड्या एकेचाळीस, फुटक्या बादल्या सात, रंगाचे डबे नऊ आणि एक न्हाणीचा टब, जो कोणी टाकिला आणि वर कोणी चढविला याचा थांग अद्याप लागला नाही. यजमान वामनराव वीजखात्यातून निवृत्त जाहलेले, बोलणे बेताचे, हाती सदा ड्रिल मशीन. सांगितले तेथे भोक पाडावे आणि न सांगता चहा प्यावा, ऐसा त्यांचा खाक्या होता.

त्या श्रावणात राज्यावर मोठा प्रसंग गुदरला. रोपे लहानपणी एकसारखी दिसतात, वांगे कोणते आणि टोमॅटो कोणता हे ब्रह्मदेवासही सांगवत नाही. एके सकाळी वामनराव तण उपटण्याच्या कामगिरीवर निघाले आणि त्यांनी मिरचीची कुल बावीस रोपे मुळासकट उपटोन कठड्यापलीकडे रवाना केली, आणि एक रोप तेवढे मिरचीचे म्हणोन राखिले, आणि त्यास पंधरा दिवस नेमाने पाणी घातले, आणि सोळावे दिवशी ते कामोणीचे तण निघाले. मग बाईसाहेबांचा कोप जाहला तो काय वर्णावा. दोन वेळ आमटी फोडणीविना वाढिली. मग राग ओसरल्यावर विचार केला की मनुष्य चुकले नाही, निशाण नव्हते म्हणोन घात जाहला. झेंड्याविना फौज म्हणजे आपलेच आपणास मारणार. सबब प्रत्येक कुंडीस नावाचे निशाण असावे ऐसा निश्चय केला. प्रथम आइस्क्रीमच्या काड्या रोविल्या, त्यांवरची शाई पाण्याने धुवोन गेली. मग पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या, त्या कबुतरांनी घरट्यास नेल्या. मग थर्माकोल लाविला, तो वाऱ्याने शेजारच्या इमारतीत जावोन पडला आणि तेथील वॉचमनाने ‘भेंडी’ लिहिलेला तुकडा परत आणोन दिला. तीन मोहिमा फसल्या.

पुढे भाद्रपद अखेरीस, नवरात्र बसण्यापूर्वी माळ्याची झाडलोट काढिली. माळ्यावरून एक गोणपाट उतरले, त्यांत चाळीस वर्षांची जुनी भांडी. भंगारवाल्याची हाळी खाली ऐकू येत होती. वामनरावांनी गोणपाट उचलिले, तो त्यांतून दांडा हलणारे एक उलथने निसटले आणि दाराशेजारच्या कुंडीत मातीत रुतोन ताठ उभे राहिले. बाईसाहेब पाहतच राहिल्या. सपाट रुंद तोंड, लांब दांडा, गंजणार नाही, वाहणार नाही, कबुतराचे बापास उचलवणार नाही. त्यांनी जिन्यातूनच ओरडोन भंगारवाल्यास परत लाविले आणि यजमानांस म्हणाल्या, “ठेवा ते खाली. आपली फौज सापडली.”

मग जी धामधूम उडाली तिला जोड नाही. हॉलमध्ये वर्तमानपत्रे अंथरिली आणि गोणपाट रिकामे केले आणि प्रत्येक सरदारास त्याचे त्याचे काम नेमोन दिले. उलथन्यास पालक दिला. किसणीस गाजर दिले, कारण उभयतांचा जुना परिचय होता. चहाच्या गाळण्याची जाळी फाटली होती, त्यास गवती चहाची सुभेदारी मिळाली. झाऱ्याच्या भोकांतून हिरवी लोकर ओवोन मेथीची पाने काढिली. कान तुटलेल्या कपांचे कान निराळे जोडोन त्यांचे फुलपाखरू केले. फुटक्या बांगड्यांच्या काचा डब्याच्या झाकणावर चिकटवोन टोमॅटो केला, तो उन्हात ऐसा चमके की खालच्या मजल्यावरच्या काकू काय आहे ते पाहावयास वर आल्या आणि जाताना स्वतःची मोडकी पुरणयंत्राची ताटली देवोन गेल्या. बाईसाहेबांस भूक राहिली नाही. नेलपॉलिश संपले, ऑइलपेंट आणविला, बोटे तांबडी-हिरवी जाहली आणि त्याच बोटांनी नैवेद्याच्या पुऱ्या लाटल्या. बासष्ट वर्षांत ऐसा आनंद आपणास जाहला नव्हता हे त्यांनी स्वमुखे तीन वेळ सांगितले. लग्नात आलेल्या सहा ताटल्या होत्या, त्या वेलांकरिता राखिल्या. आंत भाजीचे चित्र व नाव रंगवावे, वामनरावांनी दोन भोके पाडावी, तारेने काठीस बांधावे, आणि तोंड नळाकडे करोन रोवावे, म्हणजे पाणी घालताना नाव समोर दिसावे, ऐसी रीत ठरली. पाच ताटल्या सरळ बसल्या. सहावी कारल्याची, ती मात्र तिरपी लोंबू लागली, कारण भोके मध्यावर न पाडता कडेस पाडिली होती. बाईसाहेब म्हणाल्या की चाळीस वर्षे वीजखात्यात काय भोके पाडलीत. वामनराव चहा प्यावयास गेले.

आता या राज्याचे एक जुने दुखणे होते ते सांगणे प्राप्त आहे. वामनरावांची थोरली बहीण प्रमिलाताई त्याच शहरात राहात होती आणि सात वर्षे या घरी आली नव्हती. कारण एक डबा. आपल्या लोकांत भांडे भेट द्यावयाचे तर दुकानात बसोन त्यावर नाव घालोन घेण्याची चाल आहे. प्रमिलाताईंनी आपले नाव घालोन या घरास दिलेला एक झाकणाचा डबा कालिंदीबाईंनी एके बारशास घाईघाईने भेट म्हणोन दिला. तो डबा तेथोन निघोन आणखी दोन घरे फिरला आणि अखेर एका हळदीकुंकवात वाण म्हणोन खुद्द प्रमिलाताईंच्याच ओटीत येवोन पडला, आणि त्यावर त्यांचेच नाव. घरच्या भांड्यावरचे नाव घरचे मनुष्य कधी वाचीत नाही, पाहुणाच वाचतो, ही गोष्ट खरी. परंतु बाईसाहेबांनी चूक पदरात न घेता तो डबा आमचा नव्हेच, दुसऱ्या कोणी दिला असेल, ऐसे ठणकावून सांगितले आणि तेच धरोन बसल्या. तेव्हापासोन दर भाऊबीजेस वामनराव उठोन स्नान करीत, इस्त्रीचा सदरा घालीत, दहा वाजेपर्यंत खुर्चीत बसत, मग पिशवी घेवोन दूध आणावयास जात, जरी दूध घरात असे. कपाळ सात वर्षे कोरे. कालिंदीबाई ते पाहात, परंतु जीभ मागे घेववत नव्हती.

त्या वर्षी धनत्रयोदशीस प्रमिलाताईंचा फोन आला. “भाऊबीजेला येते. काम आहे,” इतकेच बोलोन ठेवोन दिला. बाईसाहेबांस घोर लागला. काम आहे म्हणजे काय असावे. तरीही आनंद असा की घर दोनदा पुसोन काढिले, अनारसे केले, आणि मनाशी म्हणाल्या की वन्संना गच्ची दाखवीन, निशाणे दाखवीन, इतके सुंदर पाहोन कोणाचा राग टिकेल.

कार्तिक शुद्ध द्वितीया. दहा वाजता प्रमिलाताईंची स्वारी दाखल जाहली. हाती कापडी पिशवी, ती खाली ठेवीनात. चहा घेतला नाही, पाणी घेतले. वामनरावांकडे पाहिले आणि तू वाळलास म्हणाल्या. तेव्हा बाईसाहेबांनी घाईघाईने गच्चीची मसलत काढिली आणि सर्वांस वर नेले, आणि मोठ्या उमेदीने जिन्याचे दार उघडले, आणि पाहुणीस पुढे केले. घात तेथेच होता. निशाणांची तोंडे पूर्वेस नळाकडे, दार पश्चिमेस, म्हणोन दारातून पाहणारास सर्व ताटल्यांच्या पाठी दिसत. आणि पाठीवर नावे कोरलेली होती. दहाचे ऊन जिन्याच्या भिंतीवरून परतोन नेमके त्यांवर पडले होते. प्रमिलाताई पुढे जावोन एकेक वाचू लागल्या. दुधीवर गंगूमावशीकडून. काकडीवर बापूकाका, चौल. आणि सहाव्यापाशी थबकल्या. प्रमिलाकडून सप्रेम, आणि पुढे एक लहान कमळ कोरलेले. ताटलीमागे वेल, आणि वेलास बोटाएवढी कारली.

बाईसाहेबांनीही ते प्रथमच वाचिले. कारले, जे तुपात तळले आणि साखरेत घोळले तरी कडूच, त्यावर नणंदेचे नाव. सारे संपले. सबब काढावी ऐसे पुन्हा जिभेवर आले, वाऱ्याने फिरले म्हणावे, भलतेच कोणी लाविले म्हणावे. तो त्यांची नजर वामनरावांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे गेली आणि जीभ आपोआप वळली.

“वन्सं, मी पाठीमागचं नाव बघितलंच नाही,” त्या म्हणाल्या. “त्या डब्याच्या वेळीही बघितलं नव्हतं. डबा मीच दिला होता. सात वर्षं खोटं बोलले.”

प्रमिलाताईंनी मान वळविली नाही. त्या ताटलीवर बोट फिरवीत होत्या. मग म्हणाल्या, “ही तिरपी का लावलीय?”

बाईसाहेब काही सांगणार, तो वामनराव, जे कधी मधे बोलत नसत, ते बोलिले. “मधोमध भोक पाडलं असतं तर कमळ फुटलं असतं, ताई.”

तेव्हा कालिंदीबाईंस समजले. घरच्या भांड्यावरचे नाव एका मनुष्याने वाचिले होते आणि वाचोन मुकाट्याने भोक कडेस पाडिले होते. आणि आपण त्यास टोचून बोललो. त्यांच्या डोळ्यांस धार लागली. प्रमिलाताईंचीही तीच अवस्था, परंतु त्या थोरल्या, म्हणोन त्यांनी पदराने डोळे न पुसता नाक पुसले. “ते कमळ काढायला त्या नाव घालणाऱ्यानं तासभर बसवून ठेवलं होतं मला,” म्हणाल्या. “वाम्या, तुझ्या लक्षात आहे?” वामनरावांनी मान डोलाविली.

मग पिशवीतून तो डबा निघाला. बाईसाहेबांनी ओळखिला. तोंडावर टाकोन नाते तोडावे याच मनसुब्याने तो आणिला होता, हे प्रमिलाताईंनी स्वतः सांगितले. सांगोन नाव घातलेले झाकण काढिले आणि ते भावजयीच्या हाती दिले.

“ह्याची पाटी कर. डबा माझ्याकडे राहू दे, कारली न्यायला लागेल.” मग वेलाकडे निरखोन पाहिले. “कारलं बरं आहे. दुधीवर लावलं असतंस तर खरी चिडले असते. आणि पाट वर आण, ओवाळणी इथंच होईल.”

मग पाट वर आला, तबक आले, निरांजन वाऱ्याने दोनदा विझले आणि तिसऱ्यांदा टिकले, आणि वामनराव कारल्याच्या वेलाखाली तिरप्या ताटलीसमोर बसले, आणि सात वर्षांचे कोरे कपाळ कुंकवाने भरले. अक्षता मातीत पडल्या, त्यांस चिमण्या आल्या. खालच्या काकूंनी जिन्यातून पाहिले आणि इमारतीत वर्तमान पसरविले.

एणेप्रमाणे कारल्याचे राज्यात तह जाहला. पुढे डब्याचे झाकण कोथिंबिरीवर रोविले, नाव दाराकडे ठेवोन. मिरची नव्याने पेरिली, तिजवर खुद्द वामनरावांचा जुना चष्मा तारेने बांधिला आहे. प्रमिलाताई दर गुरुवारी डबा घेवोन येतात, आपल्या वेलास आपण पाणी घालितात, दुसऱ्या कोणास हात लावू देत नाहीत. बाईसाहेबांनी ती ताटली सरळ करण्याचे दोनदा मनात आणिले. नाही केली.