मधुसूदनरावांची किंकाळी

मधुसूदनरावांनी आयुष्यात फक्त एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि त्या एका पत्राने भर मे महिन्यात त्यांच्या घरात भूत आणलं!

पत्र शामलाचं. मधुसूदनराव कॉलेजात ग्रंथपाल होते तेव्हाची ही त्यांची वाचक. तिने लिहिलं होतं, 'सर, आम्ही विद्यार्थी मिळून एक भुताची छोटी फिल्म काढतोय. पुस्तक वाचत बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाला भूत दिसतं आणि तो किंचाळतो, एवढंच दृश्य आहे. तुम्ही किंचाळाल का?'

मधुसूदनराव लगेच उत्तर लिहायला बसले. 'आपले पत्र वाचून आनंद झाला' असं लिहिलं. पण आनंद कुठे झाला होता? खोडलं. 'खेद वाटतो' असं लिहिलं. पोरीला वाईट वाटेल! तेही खोडलं. असं करता करता उत्तर राहूनच गेलं.

इकडे शामलाने आपला हिशेब केला. सर म्हणजे पुस्तक एक दिवस उशिरा आलं तरी घरी पोस्टकार्ड धाडणारा माणूस. नाही म्हणायचं असतं तर कार्ड आलंच असतं. कार्ड नाही, म्हणजे होकार!

आणि एका रविवारी सकाळी ती धरमपेठेतल्या त्यांच्या दारात हजर झाली. सोबत कॅमेरा सांभाळत आलेला कळमेश्वरचा लहानू आणि भूत होणारी जया.

"जेवणाच्या आत सगळं उरकतं सर! काही म्हणता काही चिंता करू नका!"

मधुसूदनराव नाही म्हणायला तोंड उघडणार तोच शामला म्हणाली, "कॅमेरा मामाचा आहे. संध्याकाळी परत करायचाय. रीळ एकच आहे. आणि पुढच्या महिन्यात स्पर्धा! सगळं तुमच्या किंकाळीवर आहे सर."

मधुसूदनरावांनी तोंड मिटलं.

शामलाचं भूत बिनचेहऱ्याचं होतं. जयाने पांढरी साडी नेसली, डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढरा दुपट्टा गुंडाळला आणि डोळ्यांपुरती फट ठेवली. आता नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर निघणारा प्रत्येक माणूस असाच दिसतो, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही!

तालीम सुरू झाली. दार करकरलं, जया आत आली आणि तिने असा काही हंबरडा फोडला, की खिडकीला लावलेली वाळ्याची ताटी थरथरली.

मधुसूदनरावांनी पुस्तकातून मान वर केली, बोट ओठांवर ठेवलं आणि म्हणाले, "शू!"

"सर! भुताला शू नाही करायचं!"

"माफ करा हं. सवय."

दुसऱ्या तालमीत ते उठून उभे राहिले आणि भुताला म्हणाले, "या, बसा." तिसऱ्या वेळी किंचाळायचा खरोखर प्रयत्न केला. घशातून कुकरची शिटी होता होता राहावी, तसा आवाज आला.

"अवं, हे काही जमून नाही राहिलं," लहानू कुजबुजला.

"जमेल! सर, तुम्ही नुसतं तोंड उघडा. कॅमेऱ्यात आवाज येतच नाही, तो नंतर टेपवर घेऊ. आणि लहानू, मी कट म्हणेपर्यंत कॅमेरा थांबवायचा नाही. काही झालं तरी!"

एव्हाना दुपार झाली होती. जया व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. फरशी तव्यासारखी तापलेली आणि भूत अनवाणी! तिने थोडा वेळ एकेका पायावर नाच केला आणि पळाली मागच्या नळावर, पाय भिजवायला.

आत कॅमेरा सुरू झाला. दार करकरलं. पांढऱ्या दुपट्ट्यातली बिनचेहऱ्याची आकृती आत आली.

या वेळी मधुसूदनरावांनी जीव ओतला! डोळे वटारले, हात वर केले, जबडा दुखेस्तोवर तोंड उघडलं आणि खुर्चीसकट मागे कलंडले.

"अगं माय! भाऊजींले उन्हाची लू लागली!" भूत ओरडलं.

शेजारच्या पार्वतीबाई होत्या त्या! मधुसूदनरावांच्या पत्नी, सुमतीबाई, बहिणीकडे रामटेकला गेल्यापासून त्या रोज दुपारी पन्हं आणून देत. पन्ह्याचा गडवा खाली ठेवून त्यांनी ऊन लागू नये म्हणून पदराच्या गाठीत बाळगलेला कांदा काढला, दाराच्या फटीत चेचला आणि मधुसूदनरावांच्या तळव्यांना चोळायला घेतला.

"अहो, मला काही झालेलं..."

"बोलू नका जी! लू लागलेला मानूस असाच बडबडते!"

तेवढ्यात खरं भूत ओल्या पायांनी आत आलं आणि दोन्ही हात पसरून उभं राहिलं. पार्वतीबाईंनी वळूनही नीट पाहिलं नाही.

"काहून उभी राहिली वं? जा, पानी आन!"

भूत निमूटपणे पाणी आणायला गेलं.

शामला हसून हसून जमिनीवर बसली होती. तिच्या तोंडून कट काही फुटेना. शेवटी कॅमेराच खट् करून थांबला.

"रीळ संपली वं," लहानू म्हणाला. "तू कट म्हटलंच नाही!"

शामलाचं हसू तिथेच विरलं. मग ती डोळे पुसत म्हणाली, "सुरुवातीचं तुमचं तोंड उघडलेलं तेवढं येईल सर. तेवढंच ठेवू. पण किंकाळी पाहिजेच. टेपरेकॉर्डर ठेवून जाते. एकटे असाल तेव्हा हे बटण दाबा आणि ओरडा."

मधुसूदनराव रोज दार लावून टेपरेकॉर्डरसमोर बसत. टेपवर एक खोकला आला, एक "अहो" आलं आणि पार्वतीबाईंचं "बरं वाटते का आता?" आलं. स्पर्धा जवळ आली तसा त्यांचा धीर सुटला. शेवटी एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता, त्यांनी उत्तर लिहिलं, 'चि. शामला, मला ओरडणे जमत नाही. दुसरे कोणी पाहावे. क्षमस्व.' पाकिटात घातलं, तिकीट लावलं, दुपट्टा गुंडाळला आणि भर उन्हात चौकातल्या पेटीपर्यंत गेले.

पाकीट आत पडलं. हलकं वाटलं. आयुष्यात उत्तर न दिलेलं एकही पत्र आता उरलं नव्हतं!

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की पाकिटावर पत्ताच लिहिलेला नाही.

किंकाळी अशी निघाली, की चौकातल्या सायकलरिक्षा थांबल्या, पानवाल्याच्या हातून चुना सांडला, आणि पार्वतीबाई कांदा घेऊन धावत आल्या.

टेपरेकॉर्डर घरी टेबलावर होता.