चावरा बूट आणि यूरिक ॲसिड

नवा बूट चावतो, हे बायकोसमोर कबूल करण्यापेक्षा आजारी पडलेलं बरं, असं हेडक्लार्कनी ठरवलं. दुकानात ती म्हणालीच होती, "अहो, एक नंबर मोठा घ्या." तेव्हा "चामडं सैल पडतं" असं यांनी ऐटीत सांगितलं होतं. चामडं काही सैल पडलं नाही. पायाचा अंगठा मात्र टोमॅटोसारखा फुगला.

"यूरिक ॲसिड असणार," ते कण्हत म्हणाले. (हा आजार साहेबांना होता, म्हणून त्याला जरा वजन होतं.)

"मग चला! कोपऱ्यावरच्या शाळेत आज त्याचीच तपासणी आहे."

हेडक्लार्क सुईला इतके घाबरत, की बायको शर्टाचं बटण लावायला बसली तरी ते दुसऱ्या खोलीत जात. पण शाळेच्या दारावर लिहिलं होतं, 'आता लाळेवरूनही यूरिक ॲसिड कळते.' त्यांचा जीव भांड्यात पडला.

"मला फक्त लाळेची," ते सिस्टरना म्हणाले.

"काका, दोन्ही करायच्या. लाळेचा आकडा रक्ताच्या आकड्याशी जुळतो का, तेच तर बघतोय आम्ही."

भांड्यातला जीव उडी मारून घशाशी आला आणि तोंडाला कोरड पडली. जिभेखाली ठेवलेली पट्टी ठणठणीत कोरडी बाहेर आली.

"लिंबू आठवा, काका. पिवळं, रसाळ..."

रांगेतल्या सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. फक्त यांच्याच तोंडाला सुटलं नाही.

"घरी एवढं बोलता, तेव्हा बरी कोरड पडत नाही!" बायको म्हणाली.

"राहू द्या, आधी बोटातून रक्त घेऊ," म्हणत सिस्टरनी त्यांचा हात धरला. हेडक्लार्कनी डोळे गच्च मिटले आणि ते किंचाळले, "थांबा! मला काही झालेलं नाही! बूट चावतोय! एक नंबर लहान आहे!"

हॉलमधल्या सगळ्यांच्या माना त्यांच्या पायांकडे वळल्या.

"कापूस दाबून धरा," सिस्टर म्हणाल्या. "टोचून झालं केव्हाच."

सुटकेच्या आनंदात लाळही आली. "आकडे जुळले!" सिस्टर खूश झाल्या. "दोन्ही वाढलेले आहेत, काका. डॉक्टरांना भेटून जा."

"म्हणजे आजारही खरा आणि बूटही लहान," बायको म्हणाली. "एका दिवसात दोनदा खरं बोललात. तेही चुकून!"

निघताना, दारात काढून ठेवलेल्या बुटात अंगठा शिरेचना. शेवटी बायकोनं ते बूट रांगेत मागे उभ्या असलेल्या शाळेच्या वॉचमनला देऊन टाकले. त्यानं ते तिथंच पायात चढवले आणि हॉलभर ऐटीत एक चक्कर मारली.

"साहेब," तो कौतुकानं म्हणाला, "चामडं काय मस्त सैल पडलंय!"