आप्पांच्या घरी गेलेलं कारंजं

नऊ मे. आजचं काम: गल्लीतली पाच पोरं घेऊन टेबलावर ठेवायचं शोभेचं कारंजं करणे. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक पोरं माझ्या ओट्यावर आणून सोडतात. दहाला सामान मांडलं आणि पहिल्यांदा दाराला कडी घातली. कारण समोर आप्पा राहतात.

आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीत जातात, मग बैठकीत. सगळे नळ पिळून बघतात, आणि मग बाहेर येऊन विचारतात, "काय मॅडम, बरंय ना?" लातूरच्या एका दाळ मिलमध्ये त्यांनी चाळीस वर्षं फिटरचं काम केलं. बंडीच्या एका खिशात पाना, दुसऱ्यात वायसर. "थेंबाला बी आईबाप असतेत," हे त्यांचं वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. पाहुण्याला पाणी अर्धा पेला देतात. "हे संपवा, मग पुढचं बघू." पुतणीच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून पितळी तोटी दिली, आणि नवरदेवाच्या घरी जाऊन ती बसवूनही आले. महादेवाच्या पिंडीवर टांगलेल्या गळतीच्या कलशाचं भोक त्यांनी मेण लावून इतकं बारीक केलं, की सोमवारी पुजाऱ्याला वाटलं अभिषेक थांबला. "देवाला बी उन्हाळा कळतोय," आप्पा म्हणाले. पुजारी महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

लोक हसतात. मीही हसते. पण दीड वर्षापासून त्या घरात हसण्यासारखं काही उरलेलं नाही. आप्पांच्या बायकोची, काकूंची, आठवण गेली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग मुलीचं, मग आप्पा कोण तेही गेलं. राहिला एकच प्रश्न: "नळ आला का?" आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. काकूंचा सगळा संसार त्याची वाट बघण्यात गेला, आणि डोक्यात शेवटी तेवढंच शिल्लक राहिलं. आप्पा दर वेळी सांगतात, "न्हाई अजून." उत्तर मिळालं नाही तर काकू घागर काखेत घेऊन नळ शोधायला निघतात. मागच्या आठवड्यात थेट हमरस्त्यावर सापडल्या, अनवाणी. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचल्या. पुण्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, आता पुन्हा असं झालं तर आईला संस्थेत ठेवणार. हे आप्पांनी मला माझ्या मोरीतला नळ आवळता आवळता सांगितलं, तोंड नळाकडेच ठेवून.

कडीचा उपयोग झाला नाही. काकूंना गोळीनं तासभर झोप लागली होती, तेवढ्यात आप्पा मागच्या दारानं आले.

"काय करायलाव?"

"कारंजं," स्वरा म्हणाली. पोरांमध्ये तीच पुढारी.

"कशाला?"

"शोभेला."

"शोभेला पाणी?" आप्पा खाली बसले. "लातुरात?"

"तेच तेच फिरतंय आप्पा. मोजून दोन लिटर हाय."

मातीची परात, तिच्यात दगड रचून एकावर एक तीन पणत्या, आणि मोबाइलच्या चार्जरवर चालणारी बारकी मोटर. पाणी वरच्या पणतीपर्यंत चढेना. आप्पांनी दहा मिनिटं सहन केलं. मग उठून घरी गेले आणि सलाईनची नळी घेऊन आले.

"कुठून आणली?" स्वरानं विचारलं.

"घरात लई हायेत."

बारीक नळीतून पाणी चढलं आणि पणतीतून पणतीत पडायला लागलं. पोरं ओरडली. आप्पा ओरडले नाहीत. "हवेत किती उडतंय बघू," म्हणत त्यांनी परातीच्या काठाला खडूची खूण केली आणि मान कलती करून बराच वेळ नुसतं ऐकत बसले.

"मॅडम, दोन दिवस हे मला द्या. आवाज कानावर राहिला तर त्या गप पडतील. पाणी घरातच हाय म्हनल्यावर भायेर कशाला जातील?"

मलाही पटलं. विज्ञानाच्या बाईला पटलं, हे विशेष.

"मग शोभा तुमच्याच घरी?" स्वरा म्हणाली.

"या की बघाय. आमच्याकडं येतंय कोण?"

पोरांनी परात उचलून समोर नेऊन दिली. पडणाऱ्या पाण्याचा आवाज आला की लातूरची कुठलीच बाई पडून राहत नाही, हे आम्हां दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मी स्वतः भरल्या ताटावरून उठते.

चारला बघायला गेले. आप्पांनी आतलं कुलूप काढलं. काकू टेबलापाशी उभ्या होत्या. एरवी घरात भिंत धरून चालणाऱ्या काकू पदर खोचून परातीतलं पाणी तांब्यानं घागरीत ओतत होत्या. मोटर कोरडी पडून घरघरत होती. आप्पा त्यांच्या पाठीमागून वाटीनं घागरीतलं पाणी काढून परत परातीत टाकत होते. फरशीभर पाणी सांडलं होतं, आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"कधीपासून?"

"दीड वाजल्यापासून. एकदा बंद केलं, तर पाणी गेलं म्हनून रडाय लागल्या."

"ओ," काकू म्हणाल्या, "बोलत काय बसलाव? हात चालवा की. पाणी गेल्यावर भरताव काय?"

आप्पा थांबले. "मला म्हनल्या," ते हळूच म्हणाले. "मला ओ म्हनल्या. आन् दुपारपासून नळ आला का म्हनून एकदा बी इचारलं न्हाई." आणि त्यांनी पुन्हा वाटी घागरीत बुडवली. चौऱ्याहत्तरीचा माणूस, अडीच तास उभा.

"आप्पा, हे रोज कसं निभणार?"

"भायेर तर जाईनात."

साडेपाचला लाईट गेली. मोटर थांबली. काकूंनी तांब्या पालथा घातला आणि घागरीत डोकावून पाहिलं. "अर्धी बी भरली न्हाई. उद्या लवकर उठाय पायजे."

"हाव," आप्पा म्हणाले, आणि फरशी पुसायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी माझी घागर घेऊन समोर गेले. मोटर चालूच होती. आप्पांना म्हटलं, आंघोळ करा, पोटात काहीतरी घाला, जमलं तर पडा. ते आत गेले. मी काकूंच्या मागं उभी राहिले. त्यांनी मला खालीवर पाहिलं.

"नंबरानं घे. माझं झाल्याबिगर हात लावायचा न्हाई."

"हो काकू," म्हटलं, आणि त्यांची नजर वळली की त्यांच्या घागरीतलं वाटी वाटी पाणी परातीत टाकत राहिले.