डोक्याद्वारे हेल्मेटचे संरक्षण

आमच्या शहरातल्या भाड्याच्या सायकलींवरून गेल्या वर्षी एकतीस नागरिक पडले आणि त्यांतल्या एकोणीस जणांनी डोक्यावरच पडणं पसंत केलं. बाब गंभीर असल्याने विभागाने गंभीर व्हायचं ठरवलं. प्रत्येक सायकल-स्थानकावर सार्वजनिक हेल्मेटं ठेवायची. सायकल घेताना घालायचं, परत देताना टांगायचं. एवढी सरळ गोष्ट आदेशात उतरवायला तीन पानं लागली. ती टाइप करणारा वरिष्ठ लिपिक मी.

मसुद्यातलं मुख्य वाक्य होतं, ‘हेल्मेटद्वारे डोक्याचे आघातापासून संरक्षण करणे ही वापरकर्त्याची जबाबदारी राहील.’ माझ्या हातून गेलं ते असं: ‘डोक्याद्वारे हेल्मेटचे आघातापासून संरक्षण करणे ही वापरकर्त्याची जबाबदारी राहील.’ आता पावणेसहा वाजलेले, माणसाचं लक्ष घड्याळाकडे. दोन शब्दांनी आपसात खुर्च्या बदलल्या. मी पुन्हा वाचलं नाही. साहेबांनी तर सहीच केली. सही करताना वाचणं म्हणजे हाताखालच्या माणसांवर अविश्वास दाखवणं, आणि आमचे साहेब तसे नाहीत.

आदेश अक्षरन् अक्षर वाचणारा विभागात एकच माणूस, आमचा भांडारपाल. त्याला सगळे ‘कुलूप’ म्हणतात. तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला तेव्हा कुठे मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

“वा!” कुलूप म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “सत्तावीस वर्षं झाली मला इथे. पहिल्यांदा कुणीतरी मालाचा विचार केला.”

शुद्धिपत्रक काढता आलं असतं, नाही असं नाही. पण शुद्धिपत्रकात ‘चूक कोणाची’ असा रकाना असतो, आणि दोन महिन्यांवर माझी हेडक्लार्कच्या बढतीची मुलाखत होती. मी मूग गिळून बसलो.

कुलूप मात्र कामाला लागला. आधी हेल्मेटं काचेच्या कपाटात गेली. मग ती मागणाऱ्याच्या डोक्याची तपासणी सुरू झाली: तेल, कोंडा, कलप. तेलकट डोकी परत पाठवण्यात आली. पास झालेल्या डोक्यांकडून हमीपत्र घेण्यात आलं, की पडण्याचा प्रसंग आल्यास मी प्रथम स्वतःचे डोके टेकवीन. पुढे असं लक्षात आलं की हेल्मेट घातल्याने आतला फोम दबतो. तेव्हा ते घालायचं नाही, स्पंजच्या खोळीत घालून पुढच्या टोपलीत पट्ट्याने बांधायचं, असं ठरलं.

एका निवृत्त मास्तरांनी खिडकीशी येऊन विचारलं, “घालायचं नाही, तर न्यायचं कशाला?”

“हेल्मेटशिवाय सायकल चालवायला बंदी आहे,” कुलूप म्हणाला. “शिकलेली माणसं तुम्ही. नियम वाचत जा जरा.”

पहिल्या महिन्यात पडलेले नागरिक सहा, फुटलेली हेल्मेटं शून्य. दुसऱ्या महिन्यात पडलेले अकरा, फुटलेली हेल्मेटं पुन्हा शून्य. साहेबांनी वर कळवलं की योजना शंभर टक्के यशस्वी आहे. वरून अभिनंदन आलं.

आता घरचं सांगतो. माझी बायको चष्म्याच्या दुकानात काम करते आणि रोज याच सायकलवरून पाण्याच्या टाकीचा उतार उतरते. तो उतार असा आहे की मी तिथून चालतानासुद्धा कठडा धरतो. रोज सकाळी तिने पायात चपला सरकवल्या की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची, ती थेट दुकानात पोचल्याचा तिचा फोन आला की थांबायची.

“अहो, हा आदेश काढणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का?” तिने एकदा विचारलं.

“साहेबांची सही आहे.”

“सही सोडा. टाइप कुणी केलं?”

“विभागाने.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. चष्म्याच्या दुकानातल्या बाईपासून फार काही लपत नाही. “बदलून घ्या ते,” ती म्हणाली. “पडले ना एखाद दिवशी, तर तुमचा विभाग येणार नाही भाकऱ्या थापायला.”

“गुरुवारपर्यंत थांब गं. मुलाखत होऊ दे.”

ती बुधवारी पडली. उतारावर खड्डा आला, पट्टा सुटला, टोपलीतलं हेल्मेट उसळलं. हेल्मेट फुटलं तर सायकलचा पास रद्द, आणि पास रद्द झाला तर दुकानाला दोन बस बदलून जायचं. बिचारीने हँडल सोडून दोन्ही हातांनी ते झेललं. डोक्याला सात टाके पडले.

दवाखान्यात तिने एवढंच विचारलं, “आता तरी सांगाल ना?”

“सांगतो. उद्या मुलाखत झाली की लगेच.”

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला लाज वाटली. खोटं नाही सांगत, रात्री घास उतरला नाही. पण सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी मुलाखतीला गेलोच.

साहेबांच्या हातात अपघाताचा अहवाल होता. “हे बघा!” ते समितीला म्हणाले. “डोक्याला सात टाके, हेल्मेटला ओरखडा नाही! याला म्हणतात अंमलबजावणी. कोण आहेत या बाई?”

खरं अगदी जिभेवर आलं होतं. आईशपथ, आलं होतं.

“माझी मिसेस, साहेब,” मी म्हणालो.

साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला. बढतीचं पत्र त्याच दिवशी निघालं.

घरी जाताना मी दुकानातून चांगल्यातलं हेल्मेट घेतलं, खास तिच्यासाठी. तिने खोका उघडला आणि वरची प्लास्टिकची पिशवी टराटरा फाडायला सुरुवात केली.

“अगं, पिशवी राहू दे, मळेल!” माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने पिशवी फाडली, बँडेजवरून हळूच हेल्मेट चढवलं, पट्टा लावला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. हल्ली ती माझ्याशी बोलताना ते घालूनच बोलते.

तुम्ही मला मनातल्या मनात शिव्या घालताय, कळतंय मला. खुशाल घाला. पण तुमचं हेल्मेट कुठे असतं हो? गाडीच्या आरशाला, कोपरात, नाहीतर टाकीवर, चौकात पोलीस दिसेपर्यंत. डोकं रोज वाऱ्यावर आणि हेल्मेट कसं कोरं करकरीत. आम्हाला निदान त्यासाठी एक चुकीचा आदेश तरी काढावा लागला. तुम्हाला कुणी सांगितलंय?